हिरडीची माघार

दातांचं कौतुक करताना माणूस कधी थकला नाही. कवींना ते कुंदकळ्यांसारखे वाटले, आज्यांना डाळिंबाच्या दाण्यांसारखे, आणि म्हणींनी तर त्यांना कायमचं कामाला जुंपलं. हिरडीच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तिची आठवण होते ती आयुष्यात दोनदा. बाळाचा पहिला दात फुटायचा असतो तेव्हा आणि म्हाताऱ्याचा शेवटचा पडून जातो तेव्हा. मधली साठ-सत्तर वर्षं ती गुपचूप दात धरून बसलेली असते. माझं तिच्याकडे लक्ष गेलं ते पन्नाशीनंतर, ती निघायला लागल्यावर.

दोन दात शेजारी शेजारी उभे असतात तिथे त्यांच्यामध्ये हिरडीचं एक टोक वर आलेलं असतं. निरोगी तोंडात ते टोक मधली जागा इतकी नेमकी व्यापतं, की तिथे जागा आहे हेच कळत नाही. ते आकसलं की दातांच्या बुडाशी त्याच आकाराची त्रिकोणी फट उरते. मागे तोंडातला अंधार असल्यामुळे ती काळी दिसते. डेंटिस्ट मंडळी तिला ‘ब्लॅक ट्रँगल’ म्हणतात. माझ्या खालच्या पटाशीच्या दातांमध्ये असे त्रिकोण ओळीने आहेत आणि वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये एक होता. त्या एकाची गोष्ट पुढे येईल.

फट पडल्याचं आरशाच्या आधी जेवणाला कळतं. मेथीचं पान, मटकीचं साल, रायवळ आंब्याचा दोर, ओल्या खोबऱ्याचा कीस, पेरूची बी, मटणाचा धागा, प्रत्येकाची अडकण्याची तऱ्हा वेगळी. मेथी आडवी पसरते आणि दिसते, दुसऱ्यांनाच जास्त. आंब्याचा दोर दोन दातांना वेढा घालतो आणि ओढला तर तुटून अर्धा आत राहतो. पेरूची बी तर अशी बसते, की ती तिथेच उगवणार असं वाटावं. जेवण संपतं, बाकीचे हात धुऊन गप्पांना बसतात, आणि आपली जीभ मात्र तिथेच खेटे घालत राहते. समोरचा माणूस गंभीर काही सांगत असतो. आपण मान डोलावत असतो आणि सगळं चित्त खालच्या तिसऱ्या दाताच्या मागे गुंतलेलं असतं.

एका लग्नात पंक्तीतून उठल्यावर एका स्नेह्याने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “वर, पुढच्या दातांत काहीतरी काळं अडकलंय.” मी बेसिनपाशी जाऊन पाहिलं. काहीच अडकलं नव्हतं. त्याला दिसली होती ती रिकामी जागा.

दात साफ करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या इमारतीत सल्ल्यांचा पाऊस पडला. “अहो, कशाला त्या फंदात पडता? एकदा मशीन लावलं की दात हलायला लागतात.” “माझ्या मेव्हण्याच्या दातांत चांगल्या फटी पाडून ठेवल्या.” हे मत अडाणी माणसांचं आहे असं समजू नये. त्यात एक निवृत्त प्राध्यापक होते आणि एक बँक मॅनेजर. आणि गंमत अशी, की ते पाहतात ते खोटं नसतं. साफ करण्याआधी फट नव्हती, केल्यावर दिसली, एवढं खरंच आहे. चुकतो तो कार्यकारणाचा धागा.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. मला ‘काका’ म्हणणाऱ्या आणि ‘जरा आ करा, अजून मोठा’ असं दटावणाऱ्या. त्यांनी आधी एक बारीक, बोथट टोकाची सळई घेतली. तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा होत्या: एक, दोन, तीन, मग एकदम पाच, मग सात, आठ, नऊ, दहा. चार आणि सहाची खूण मुद्दामच नसते, म्हणजे आकडा वाचताना गोंधळ होत नाही. ती सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत हलकेच उतरवायची आणि किती खोल गेली ते सांगायचं. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी, बाहेरून तीन आणि आतून तीन. डॉक्टर सांगत होत्या आणि शेजारची मुलगी कागदावर उतरवून घेत होती. “तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच, तीन, पाच, रक्त.” तीनपर्यंत ठीक, हे मला तेवढ्यात कळलं होतं. त्यामुळे खाटल्यासारख्या त्या खुर्चीत आडवा पडून मी स्वतःचा निकाल एकेका आकड्याने ऐकत होतो. ‘पाच’ म्हणताना त्यांचा आवाज जराही बदलत नव्हता. माझ्या पोटात मात्र दर वेळी गोळा येत होता.

मग मशीनची बारीक शीळ सुरू झाली, पाण्याचे तुषार उडाले, आणि खालच्या पुढच्या दातांच्या मागून एक खपली निघाली. डॉक्टरांनी ती चिमट्यात धरून मला दाखवली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, तेव्हा टक असा आवाज झाला. पिवळट तपकिरी रंग, दगडासारखं कठीण, आणि एका अंगाला दोन दातांच्या पाठींचा हुबेहूब साचा. लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली, नेमकी त्या दातांच्या मागे उघडतात. लाळेतला चुना दातांवरच्या जंतूंच्या थरात मुरतो आणि त्याचं किटण होतं, म्हणून तिथे ते सर्वांत जास्त साचतं. माझ्या दातांमधली जागा इतकी वर्षं भरलेली दिसत होती ती या ऐवजाने. थोडी किटणाने, आणि उरलेली हिरडीच्या सुजेने.

सूज काही आठवड्यांनी उतरली आणि त्रिकोण आणखी मोठे दिसू लागले. “तोंड बरं झालंय,” डॉक्टर म्हणाल्या. आरशात पाहून तसं वाटत नव्हतं. हिरडीच्या आजाराचा विरोधाभास असा, की बिघडलेलं तोंड भरलेलं दिसतं आणि बरं झालेलं विरळ. लालसर, फुगीर, चकाकणारी हिरडी फट झाकून ठेवते. घट्ट, फिकट गुलाबी, निरोगी हिरडी मात्र आपण जिथवर मागे आलो तिथवरच थांबते आणि जे गेलं ते उघडं ठेवते. पाच मिलिमीटरची खोबण तीनवर येते ती बरीचशी हिरडी आक्रसल्यामुळेच. म्हणजे आकडा सुधारतो तो फटीच्या मोबदल्यात.

हिरडी मुळात मागे का जाते, याला कारणं अनेक. कडक ब्रश आडवा घासला की ओठांकडच्या बाजूने ती झिजते. काहींची जन्मतः पातळ असते. पण दोन दातांच्या मधलं टोक जातं ते बहुधा हाडामुळे. भिंतच खचली तर गिलावा कशावर राहणार? जंतूंच्या थराशी शरीराचं वर्षानुवर्षं भांडण चालतं, त्यात दाताभोवतीचं हाड विरघळतं आणि हिरडी त्याच्यामागून खाली जाते. मधुमेह असला तर हे आणखी वेगाने होतं. दुखत मात्र काही नाही. दात किडला तर रात्र जागवतो, ही झीज दशकभर चालली तरी ठणका लागत नाही.

हाड आणि हिरडी यांच्या या नात्याला एक आकडाही आहे. न्यूयॉर्कचे डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1992 साली मांडला. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून खालच्या हाडाच्या कडेपर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं. ते 5 मिलिमीटर किंवा कमी असेल, तर मधली जागा हिरडीने जवळजवळ नेहमीच भरलेली असते. 6 मिलिमीटर झालं की 56 टक्के ठिकाणी, आणि 7 झालं की 27 टक्के ठिकाणी. एका मिलिमीटरने जवळपास खात्रीचं रूपांतर छापा-काट्यात होतं. माझ्या एक्स-रेवर डॉक्टरांनी पट्टी ठेवली तेव्हा खाली सात-आठ निघाले आणि वर सहाच्या आसपास. मला ते बरं वाटलं. “बघू, प्रयत्न करू, देवाची कृपा” यापेक्षा सात हा आकडा जास्त दिलासा देतो. कुणाला दोष द्यायचा राहत नाही आणि कुणी चमत्काराचं आमिषही दाखवू शकत नाही.

साताऱ्याकडच्या माझ्या आत्याला हे आकडे सांगितले असते तर ती हसली असती. ती मशेरी लावायची. तंबाखूची पानं तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची. तो खाट घरभर पसरला की आम्ही पोरं शिंकत अंगणात पळायचो. मग त्याची पूड ती डबीत भरून सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांवर चोळायची, ओसरीच्या कडेला उकिडवी बसून, अर्धा अर्धा तास. “मशेरीनं दात घट्ट ऱ्हात्यात बघ, रगत बी येत न्हाई,” असं तिचं म्हणणं. रक्त येत नव्हतं हे खरं होतं. तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आजाराची पहिली खूणच पुसली जाते. तिचे खालचे दात लांब लांब, मधे एकेक बोट जाईल असे मोकळे, आणि एक दिवस न दुखता, न किडता ते एकामागून एक पडले. “वय झालं,” सगळे म्हणाले. ती तेव्हा पंचावन्नच्या आतबाहेर असेल, म्हणजे आज माझं आहे तेवढं. महाराष्ट्रात आणि गोव्यात अशा कितीतरी आत्या-मावश्या होत्या आणि आहेतही, ज्यांनी दात राखायचे म्हणूनच मशेरी धरली.

वयाने दात जातातच असं नाही. हिरड्यांचा आजार उपचाराविना कसा वाढत जातो ते पाहायला एक नॉर्वेजियन दंततज्ज्ञ श्रीलंकेच्या चहामळ्यांत गेला होता. हाराल्ड ल्यो त्याचं नाव. तिथल्या 480 मजुरांना तो आणि त्याचे सहकारी 1970 पासून 1985 पर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहिले. या मजुरांना ब्रश-पेस्टची सवय नव्हती आणि दंतवैद्याचा हात त्यांच्या तोंडाला लागलेला नव्हता. दातांवर किटण सगळ्यांच्याच होतं. तरी 8 टक्के लोकांची झीज झपाट्याने झाली आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. 81 टक्के लोकांची मध्यम गतीने झाली. आणि 11 टक्के लोकांच्या हिरड्या लाल होण्यापलीकडे काही झालंच नाही. प्रत्येक गावात एक तरी आजोबा असतात, जे नव्वदीत ऊस सोलून खातात आणि सांगतात, “आम्ही कधी ब्रश पाहिला नाही.” ते खोटं बोलत नसतात. ते त्या 11 टक्क्यांतले असतात. चूक होते ती बाकीच्यांनी स्वतःला त्यांच्यात मोजलं की.

आता उपायांकडे. फट दिसली की माणसाला पहिलं सुचतं ते ती बुजवणं, आणि बुजवण्याचे मार्ग आज पुष्कळ आहेत. दाताच्या बुडाशी दातांच्याच रंगाचं कॉम्पोझिट चढवून तो थोडा रुंद करता येतो. तेवढा त्रिकोण झाकला जातो, पण कड नीट घोटली नाही तर तिथेच पुन्हा थर साचतो, आणि चहा-हळदीचे डाग त्याला दातापेक्षा लवकर लागतात. वरून खाली निमुळते होत जाणारे दात असतील, तर त्यांच्या टेकण्याच्या जागा दशांश मिलिमीटरांत घासून, तारा किंवा अलाइनर लावून ते जवळ आणतात. टेकण्याची जागा खाली सरकते, हाडापासूनचं अंतर कमी होतं आणि हिरडीला पुन्हा संधी मिळते. यात तोच पाचाचा हिशेब. हिरडीच्या टोकात हायलुरॉनिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन ते फुगवतात, पण ते शरीरात विरत जातं. टाळूतून ऊतीचा तुकडा घेऊन कलम करतात. दाताच्या पुढच्या अंगावरचं उघडं मूळ झाकायला ते उत्तम, पण दोन दातांच्या मधलं टोक उभं करण्याची खात्री कुशल सर्जनही देत नाहीत. त्या इवल्याशा जागेत रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि खाली आधाराला हाड नसतं. हाडाचं कलमही खोल, अरुंद खड्ड्यात धरतं. सपाट खचलेल्या हाडावर टिकत नाही. फारच मोठ्या फटींसाठी गुलाबी रंगाची नकली हिरडी मिळते, कवळीसारखी काढ-घाल करायची.

ही यादी मी डॉक्टरांसमोर बसून समजून घेतली आणि विचारलं, “तुम्ही काय केलं असतं?” त्या म्हणाल्या, “वरची एक भरली असती, काका. हसताना तीच दिसते. खालच्या मोकळ्या ठेवल्या असत्या. मोकळी फट साफ करता येते.”

तसंच केलं. वरच्या दोन दातांना बुडाशी कॉम्पोझिट लावलं. आता कुणी मला लग्नात बाजूला घेत नाही, आणि फुंकर घालताना, ‘चमचा’ म्हणताना जी हवा मधूनच निसटायची तीही थांबली. खाली मात्र माझ्याकडे आले ते बारीक ब्रश: इंचभर दांडा, टोकाला तारेवर पिळलेले केस, आणि जाडीप्रमाणे प्रत्येकाचा रंग वेगळा. सगळ्या फटी एका मापाच्या नसतात, म्हणून माझ्याकडे गुलाबी आहे, लाल आहे आणि मागच्या दाढांसाठी निळा. ब्रश फटीत अडखळत, जरा दाटून जायला हवा. सैल गेला तर माप चुकलं, रेटावा लागला तरी चुकलं. उघड्या पडलेल्या मुळांना खोबणी असतात. दात साफ करायचा दोरा त्यांच्यावरून ताणून निघून जातो, केस मात्र आत शिरतात. पहिले काही दिवस ब्रश लाल होऊन यायचा, मग थांबला. ज्या दिवशी तो पहिल्यांदा स्वच्छ बाहेर आला, त्या दिवशी मी तो दिव्याखाली धरून पाहिला. घरच्यांनी या समारंभाला हजर राहायला नकार दिला.

‘दात कोरून पोट भरत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात, आणि पोट भरत नाहीच. पण सुश्रुतसंहितेत हिरड्यांचे पंधरा आजार वेगळे सांगितले आहेत. शीतादात हिरडी मऊ पडून आपोआप रक्त येतं, उपकुशात दाह होतो आणि दात हलू लागतात. आणि शस्त्रांच्या यादीत दातांवरची ‘शर्करा’, म्हणजे आपलं किटणच, खरवडून काढायला दंतशंकू दिला आहे. खरवडण्याला दुसरा पर्याय नाही हे तेव्हाही कळलेलं होतं. लाळेतून थर रोज नव्याने बसतो, तेव्हा काढायचाही रोज. यात पराक्रम काही नाही, म्हणून हे उपचार आहेत असं कुणाला वाटत नाही. बिलात त्याची ओळही नसते.

मला स्वतःला या सगळ्यात पटलं ते हे, की प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असं नाही. भरणं आणि बरं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. वरची फट भरली ती लोकांसाठी, हे मी मोकळेपणाने मानतो, आणि त्यात वाईट काही नाही. चारचौघांत तोंड उघडायचा संकोच हाही एक त्रासच असतो. पण माझे दात टिकतील ते खालच्या फटींमुळे, कारण तिथे पोहोचता येतं. आतून किटण आणि वरून सूज असलेलं ते जुनं ‘भरलेलं’ तोंड मला परत नको आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तिशीतला मुलगा राहतो. परवा लिफ्टमध्ये त्याने सहज सांगितलं, “काका, ब्रश करताना थोडं रक्त येतं, म्हणून त्या बाजूला घासायचंच सोडलंय.” मी त्याला ल्योचीच एक जुनी गोष्ट सांगितली. 1965 साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे त्याने निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासायलाच बंदी केली होती. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं आणि त्या पूर्ववत झाल्या. एकही खूण शिल्लक राहिली नाही. हाड शाबूत असेपर्यंत हिरडी सगळं माफ करते. नंतर ती फक्त आहे तिथे थांबते.

“म्हणजे जिथे रक्त येतं तिथे घासणं सोडायचं नाही, तिथेच नीट घासायचं. मऊ ब्रश घे. आणि या आठवड्यात डॉक्टरकडे जा,” मी म्हटलं. “साफ केलं की फटी पडतात म्हणे?” त्याने विचारलं. मी त्याला खालचे दात दाखवले. म्हटलं, “या साफ न केल्याने पडल्या. साफ केल्यावर दिसल्या. तुझ्या अजून पडलेल्या नाहीत, म्हणून तुला अजून उपचार आहे.”